नागपूरचं ऊन आणि पेंटबॉलची गन: गॅस बदलण्याचं एक प्रकरण

नागपूरच्या बाहेर, अमरावती रोडला, पेंटबॉलचं, म्हणजे रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या खेळाचं, एक मैदान आहे. जुने टायर, तेलाचे रिकामे ड्रम, मातीचे बांध, बांबूची माची आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड. शनिवार-रविवारी कंपन्यांचे, कॉलेजांचे गट येतात. मधल्या दिवसांत शुकशुकाट. वीस गन, सगळ्या टिपमन ९८च्या धर्तीच्या. बॅटरी नाही, सर्किट नाही, भाड्याने द्यायला दणकट. गॅस सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. वीस औंसाच्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या, आणि त्या शहरात जिथे फायर एक्स्टिंग्विशर भरतात तिथूनच भरून यायच्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी शेडमध्ये ओळीने ठेवलेल्या बाटल्यांपैकी एकीची सेफ्टी डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की बाटलीआधी फुटणारी चकती, फुटली. मोठा आवाज, मग फुसकारा, पांढरा ढग. बाटली फळीवरून उडून पत्र्यावर आदळली. शेडमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं, एवढंच नशीब. मालकांनी मला बोलावलं ते त्यानंतर. माझं काम कारखान्यांतल्या हवेच्या लाइनींचं: कॉम्प्रेसर, ड्रायर, रेग्युलेटर, गळती. पेंटबॉल मी दोन-चारदा खेळलेलो, पण दाबाखालचा वायू कुठल्याही धंद्यात तसाच वागतो.

डिस्क फुटण्याचं कारण शोधायला गेलो आणि आधीच्या वर्षभराच्या तक्रारी बाहेर आल्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पहिल्या गटाला गन ढिली लागायची. गोळी अर्ध्यात खाली यायची, लागली तरी न फुटता टप्पा खाऊन जायची. तीच गन, वेग ठरवणारा स्क्रूही तसाच, दुपारी क्रोनोग्राफ या वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर धरली तर ३०० फूट प्रति सेकंदाच्या वर. एखाद्या उत्साही पोराने घोडा पटापट ओढला की बाटलीवर दंव धरायचं, वेग उतरत जायचा आणि मधेच नळीतून पांढरा धूर येऊन एक गोळी सुसाट सुटायची. ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, फाटणं तर रोजचंच. गॅस सांभाळणाऱ्या पोराचा प्रश्न साधा होता. "बाटली तर फुल होती सर, मंग गन ढिली काहून मारून राहिली?"

या प्रश्नाच्या उत्तरातच पुढचं सगळं प्रकरण आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो.

सीओटूच्या बाटलीत गॅस द्रवरूपात असतो आणि वरच्या जागेत त्याची वाफ. ती वाफ किती दाबाने बाहेर पडेल हे आत माल किती आहे यावर नसतं, तापमानावर असतं. घरचा गॅस सिलिंडर हिवाळ्यात शेवटाकडे आला की शेगडी मंद होते आणि आई सिलिंडरच्या बुडाला गरम पाण्याची परात लावते, तोच न्याय. फक्त इथले आकडे फार मोठे. दाब मोजायचा बारमध्ये: शून्य अंशाला सुमारे ३५ बार, १० अंशांना ४५, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. नागपुरात जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खालीही जातो आणि त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीसला टेकतो. म्हणजे एकाच दिवसात, एकाच बाटलीचा दाब दीडपटीहून जास्त बदलतो. या गनमध्ये दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही. बाटलीतला दाब जसाच्या तसा व्हॉल्व्हवर येतो आणि व्हॉल्व्ह तेवढ्याच दाबाने गोळीला ढकलतो. पोराची बाटली फुल होती हे खरं. पण ती फुल आणि थंड होती.

पटापट गोळ्या मारल्यावरही तेच होतं, फक्त इथे थंडी बाटली स्वतःच तयार करते. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती बाटलीच्या भिंतीतूनच घेतली जाते. भिंत गार, दाब कमी, गोळी ढिली. अशात कुणी गनचं तोंड खाली करून बांधाआडून नेम धरला की बाटलीचं तोंड खालच्या बाजूला येतं आणि द्रव थेट गनमध्ये शिरतो. तो आत गेल्यावर वाफ होतो, दाब उसळतो. ती सुसाट गोळी इथून येते. रबर गोठून चिरतं तेही याच द्रवामुळे.

वेगाच्या मर्यादेबद्दल इथे सांगायला हवं, कारण मालकांना तो आकडा निव्वळ कागदी वाटत होता. पेंटबॉलची नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची, साधारण ३ ग्रॅमची. ३०० फूट प्रति सेकंद ही जगभर मानलेली कमाल मर्यादा. बहुतेक मैदानं स्वतःसाठी २८० किंवा त्याहून कमी ठेवतात. ३००ला त्या गोळीत साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. ३५०ला ती सतरा ज्यूल होते. वेग सहाव्या हिश्श्याने वाढला तर मार तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतो. सकाळी ढिली लागते म्हणून पोरं स्क्रू फिरवून वेग चढवायची आणि दुपारी तो उतरवायचं विसरायची. मांडीवर निळे डाग घेऊन गेलेल्या पाहुण्यांची तक्रार ही होती.

आता उन्हाळ्याकडे येऊ. नागपूरचं प्रकरण लोणावळ्यापेक्षा वेगळं पडतं ते इथे. मालक मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "भाऊ, तिकडे पुण्या-लोणावळ्याले सगळे सीओटूवरच चालवून राहिले, मंग आपल्यालेच काहून जमत नाही?"

कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस आहे. त्यावर गेलं की कितीही दाब दिला तरी तो द्रव राहत नाही. द्रव आणि वाफ हा भेदच संपतो आणि बाटलीभर एकच दाट वायू उरतो. मग दाब फक्त तापमानावर ठरत नाही, बाटलीत किती ग्रॅम कोंबले आहेत यावरही ठरतो. म्हणजे सीओटूचा जो मोठा गुण सांगतात, की अर्धी बाटली असली तरी दाब तोच राहतो, तो गुण ३१ अंशांच्या वर उरतच नाही. विदर्भात मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या दुपारी आपण त्या रेषेच्या वरच असतो. आपण सीओटूचे तोटे सगळे सोसतो आणि फायदा मिळवत नाही.

वीस औंसाची बाटली म्हणजे ५६७ ग्रॅम गॅस. बाटलीत पाणी मावतं साधारण ०.८३ लिटर. एका लिटरला ०.६८ किलो या प्रमाणात हा भरणा ठरलेला आहे आणि अमेरिकेत त्यामागचा हिशेब ५४ अंशांपर्यंतचा आहे. बरोबर ५६७ ग्रॅम भरलेली बाटली ४० अंशांना सुमारे ११० बार दाखवते, ५० अंशांना १४० ते १४५. बाटलीवर ठोकलेला कामाचा दाब १८०० पीएसआय, म्हणजे १२४ बार. ५० अंशांना आपण त्या आकड्याच्या पुढे गेलेलो असतो, पण बाटली आणि डिस्क दोन्ही तेवढं सोसायला बनवलेल्या असतात.

त्या दिवशी फुटलेल्या बाटलीसोबत भरून आणलेल्या बाकीच्या बाटल्या मी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. रिकाम्या बाटलीचं वजन गळ्याजवळ ठोकलेलं असतं, ते वजा केलं. बहुतेकींमध्ये ६४० ते ६५० ग्रॅम निघाले. भरणाऱ्याला विचारलं तर तो खुशीत होता. बाटली आधी बर्फात ठेवायची, गार बाटलीत माल जास्त उतरतो, गिऱ्हाईक खूश. त्याचं निरीक्षण अचूक होतं. पण ०.८३ लिटरमध्ये ६५० ग्रॅम म्हणजे लिटरला ०.७८ किलो, आणि एवढ्या दाट भरण्याला ५० अंशांवर दाब होतो २०० बार. तो जवळजवळ २९०० पीएसआय झाला. डिस्क ३००० पीएसआयच्या आसपास फुटते. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखालची फळी पन्नासला सहज पोचते. ऐंशी ग्रॅम जादा गॅसने पन्नास-साठ बार चढवले होते, आणि डिस्क तिच्या कामाला जागली. अशी डिस्क फुटली की काही मैदानांवर लोक वैतागून जास्त जाड डिस्क बसवतात. तसं करू नका. मग पुढच्या वेळी बाटलीच फुटेल.

हा हिशेब मी वहीच्या पानावर मांडला तेव्हा मालकांनी विचारलं की मग हा गॅस या खेळात आलाच कसा. कारण सोपं आहे. हा खेळ सुरू झाला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाच्या रानात, २७ जून १९८१ रोजी. बारा जण खेळले. त्यांच्या हातातल्या नेलस्पॉट ००७ गन तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेल्या होत्या आणि त्या १२ ग्रॅमच्या छोट्या सीओटू काडतुसांवर चालायच्या. जंगलात कॉम्प्रेसर कोण नेणार? खिशात मावणारा, कुठेही मिळणारा, द्रवरूप असल्याने थोड्या जागेत भरपूर बसणारा वायू हाच होता. पुढे मोठ्या बाटल्या आल्या, गोळ्यांचा मारा वाढला आणि नव्वदीच्या दशकात चांगले खेळाडू नायट्रोजन आणि दाबलेल्या हवेकडे वळले. भाड्याच्या गनवर मात्र सीओटू राहिला, आणि थंड प्रदेशातला तो तोडगा आपल्याकडे जसाच्या तसा आला.

मग आम्ही पर्याय मांडले. पहिला, सीओटूच ठेवायचा पण शिस्तीने. बाटलीत उलटी नळी बसवून द्रव गनमध्ये जाणार नाही असं करायचं, बाटली आणि गनमध्ये प्रसरण-कोठी, म्हणजे द्रवाची वाफ व्हायला मोकळी जागा, लावायची, उन्हाळ्यात भरणा कमी करायचा. खर्च सगळ्यात कमी. द्रवाचा त्रास थांबेल, पण सकाळ-दुपारचा फरक थांबणार नाही आणि पुढेमागे कॉलेज स्पर्धांसाठी इलेक्ट्रॉनिक गन घ्यायच्या झाल्या तर त्यांच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, सीओटू चालत नाही. दुसरा, स्वतःचा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर घ्यायचा. स्कूबावाल्यांकडे असतो तसा, श्वसनायोग्य हवा देणारा. तारकर्ली-मालवण किंवा गोव्याला मैदान असतं तर डायव्हिंगवाल्यांकडूनच टाक्या भरून आणल्या असत्या. नागपूरला समुद्र नाही, डायव्हिंगचं दुकानही जवळ नाही, आणि कॉम्प्रेसर म्हणजे काही लाखांची गोष्ट. वर ड्रायर, फिल्टर, तेल, वीज. आठवड्यात पाच दिवस तो झाकून ठेवायचा.

तिसरा पर्याय मालकांना आधी सुचला नव्हता: औद्योगिक गॅस विकणाऱ्याकडून नायट्रोजनचे सात घनमीटरचे सिलिंडर आणायचे आणि त्यांच्यातून छोट्या बाटल्या भरायच्या. नायट्रोजन कोरडा येतो, तेलाचा अंश नाही, हवेसारखाच वागतो. दाबलेल्या हवेची बाटली, जिला खेळाडू एचपीए म्हणतात, तिच्या डोक्यावर रेग्युलेटर असतो. आत १५० बार असो की ८०, गनकडे जाताना तो साधारण ५५ ते ५८ बारच सोडतो. सकाळ असो की दुपार, व्हॉल्व्हवर तोच दाब. सगळ्या तक्रारींचं मूळ इथे तुटतं, कारण आत द्रव नाही, वाफ व्हायची नाही, दंव नाही. तापमान वाढलं की दाब वाढतोच, पण मोजक्या प्रमाणात: २५ अंशांना १५० बार भरलेली बाटली ५० अंशांना १६३ बारच्या आसपास जाते. सीओटूच्या उडीपुढे हे काहीच नाही.

मालकांची पहिली भीती १५० बार या आकड्याची. त्यांच्या स्वतःच्या सीएनजी गाडीच्या डिकीत २०० बारची टाकी असते, हे ऐकून ते जरा शांत झाले.

खरा प्रश्न पुरवठ्याचा होता, म्हणून तो हिशेब सगळा देतो. ४८ घनइंचाची ॲल्युमिनियमची बाटली म्हणजे ०.७९ लिटर. ती ३००० पीएसआयची असते, पण पुरवठादाराचा सिलिंडरच १५० बारचा, तेव्हा आपल्याला २०० बार मिळणार नाहीत. रेग्युलेटरच्या कामाची हद्द ५५ बारला संपते. समजा बाटली सरासरी १३० बारला भरली तर वापरता येणारा गॅस झाला ७५ गुणिले ०.७९, साधारण ५९ लिटर. अशा भाड्याच्या गनला एका गोळीला सुमारे ०.४ लिटर धरले तर एका भरण्यात जवळपास १५० गोळ्या. पाहुण्यांना पॅकेज मिळतं १०० गोळ्यांचं. म्हणजे एक पाहुणा, एक भरणा, आणि थोडं शिल्लक. वीस औंसाची सीओटू बाटली आठ-नऊ जण चालवायची. कागदावर हा मोठा तोटा दिसतो आणि मालकांनी तो लगेच बोलून दाखवला. पण आता प्रत्येक पाहुण्याला ताजी भरलेली बाटली मिळणार होती, खेळ अर्ध्यावर असताना बाटली संपण्याचा प्रकार बंद होणार होता, आणि भरायला लागणारा वेळ शहरात जाऊन यायच्या वेळेपेक्षा किती तरी कमी होता.

दिवसाला पन्नास पाहुणे, म्हणजे ५००० गोळ्या, म्हणजे दोन हजार लिटर, दोन घनमीटर. शनिवार-रविवार मिळून चार. एका सिलिंडरमधून भरत राहिलं तर प्रत्येक भरण्याला दाब थोडा उतरतो; वीस बाटल्या भरल्यावर १२३ बार उरतात, चाळीस भरल्यावर १०४. म्हणून तीन सिलिंडरांची साखळी. आधी सगळ्यात उतरलेल्या सिलिंडरला बाटली लावायची, दाब समान झाला की मधल्याला, शेवटी ताज्याला. त्यामुळे ताज्या सिलिंडरचा दाब फक्त शेवटच्या टप्प्याला खर्च होतो आणि जुना खालपर्यंत पिळून निघतो. दोन आठवडे तीन सिलिंडर सहज पुरतात. आठवडी भाराच्या धंद्याला हे जमतं. रोज पन्नास पाहुणे असते तर मी कॉम्प्रेसरच सांगितला असता.

इथे एक गोष्ट ठामपणे थांबवावी लागली. भरण्याची नळी आणि सिलिंडरचा जोड यांची किंमत ऐकून मालक म्हणाले, हिंगण्याला आपला लेथवाला आहे, तो पितळेचा कनेक्टर काढून देईल, कुठल्याही सिलिंडरला बसेल असा. कुठल्याही सिलिंडरला बसेल हाच त्यातला धोका. वेगवेगळ्या गॅसच्या व्हॉल्व्हचे आटे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. गॅसवाल्याच्या गोदामात सगळ्यात जास्त सिलिंडर ऑक्सिजनचे असतात. पेंटबॉलच्या गनमध्ये तेलाचे थेंब रोज टाकतात. १५० बारचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर ठिणगीचीही गरज नसते; स्फोट होऊ शकतो. नायट्रोजनच्या सिलिंडरचं अंग राखाडी आणि मान काळी, ऑक्सिजनचं अंग काळं. गडबडीत, संध्याकाळच्या उजेडात पोरगा रंग पाहीलच असं नाही. बाजारातला ठरलेला जोडच घेतला, त्याला दाबमापक आणि नळीतला दाब सोडायची चावी आहे. लेथवाल्याकडून सिलिंडर बांधून ठेवायची लोखंडी चौकट करून घेतली.

भरण्याची जागाही बदलली. शेडमध्ये नाही, बाहेर ग्रीन नेटच्या सावलीत. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो साठला तर माणसाला कळतसुद्धा नाही. सीओटू वाढला की धाप लागते, जीव घाबरा होतो, माणूस बाहेर पळतो. नायट्रोजन तसा इशारा देत नाही. उघड्यावर हा प्रश्नच येत नाही.

परवानगीचं काम मी मुद्दाम सगळ्यात शेवटी सांगतो आहे, पण वेळ त्यालाच सगळ्यात जास्त लागला. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे ५०० मिलिलिटरपेक्षा मोठं दाबाचं भांडं म्हणजे सिलिंडर. वीस औंसाची सीओटू बाटली ०.८३ लिटरची, म्हणजे ती इतकी वर्षं त्या व्याख्येत बसतच होती. ४८ घनइंचाचीही बसते. १३ घनइंचाची छोटी बाटली त्यातून सुटते खरी, पण तिच्यात चाळीस गोळ्यांपुरताच गॅस मावतो. पळवाट म्हणून कुणी सुचवेल, तर धंद्याच्या कामाची नाही. बाहेरून आलेल्या बाटलीवर अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा शिक्का असतो, आणि तो इथे आपोआप चालत नाही. आयातीला मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मंजुरी लागते. नागपूरकरांचं एक बरं, की पेसोचं, म्हणजे या नियंत्रकांच्या खात्याचं, मुख्यालयच सेमिनरी हिल्सला आहे. स्कूटरवर जाऊन विचारता येतं. मंजुरीचे कागद दाखवणारा विक्रेता मिळेपर्यंत आणि भरण्याबद्दलची परवानगी लेखी हातात येईपर्यंत नायट्रोजन सुरू केला नाही.

तोवर मैदान सीओटूवरच चाललं, पण तीन अटींवर. काट्यावर ठेवल्याशिवाय बाटली आत घ्यायची नाही, आणि मार्च ते जून तिच्यात ५०० ग्रॅमच भरायचे. तेवढ्याने ५० अंशांनाही दाब १२५ बारच्या घरात राहतो. बाटल्या पत्र्याखाली न ठेवता विटांच्या खोलीत, कूलरजवळ ठेवायच्या. तिसरी अट नेलपॉलिशची. व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या जोडावरून लाल नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढायची. गनवरून बाटली सोडवताना कधी कधी बाटली गनमधून सुटण्याऐवजी व्हॉल्व्हमधून सुटू लागते. शेवटच्या आट्यावर ती रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत अशा अपघातांत माणसं मेली आणि २००४ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला याबद्दल इशारा काढावा लागला. रेघ तुटलेली दिसली तर हात लावायचा नाही. आमच्या वीसपैकी दोन बाटल्यांवर आठवडाभरात रेघ सरकलेली सापडली. त्या दोन्ही बाद केल्या. दाखवल्यावर पोराचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्याच बाटल्या तो रोज गुडघ्यात धरून पिळायचा.

नायट्रोजन सुरू झाल्यावर वेगाचा प्रश्न जवळजवळ मिटला. सकाळी २७०ला लावलेली गन दुपारीही त्याच्या आसपासच राहते, आणि स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका बसवला आहे, म्हणजे कुणी फिरवला तर दिसतो. ओ-रिंगची पाकिटं आता महिनोन् महिने पुरतात. बाटल्या भरताना सुरुवातीला पोरं घाई करायची. झपकन भरलं की बाटली तापते, मापकावर १५० दिसतात आणि दहा मिनिटांनी गार झाल्यावर १३० उरतात. चावी हळू उघडायची सवय लागायला वेळ गेला.

मात्र मे महिन्यात तक्रार पुन्हा आली. वेग एका गोळीला २७५, पुढच्या गोळीला २४५, आणि नळीत गोळ्या फुटायला लागल्या. मालकांचा फोन, "भाऊ, तुमचा गॅस पण तसाच निघाला." गॅस तसा नव्हता. पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं असतं. उन्हात ते मऊ पडतं, ओलाव्याने फुगतं, गोलाई जाते. एक गोळी नळीत घट्ट बसते, दुसरी सैल, आणि वेग त्याप्रमाणे वरखाली होतो. थंडीत उलट, कवच ठिसूळ होऊन गनमध्येच फुटतं. याआधी सीओटूचा फरक इतका मोठा होता की गोळ्यांचा फरक त्याखाली दडून जायचा. गोळ्यांच्या पेट्या मालकांच्या ऑफिसातल्या एसीत हलवल्या, मैदानावर एका वेळी तासाभरापुरताच माल आणायचा ठरलं, तोही आइसबॉक्समध्ये, बर्फाशिवाय. फुटणं बरंच कमी झालं.

खर्चाचं म्हणाल तर दर भरण्यामागे नायट्रोजन सीओटूपेक्षा महाग पडतो. गोळीमागे पाहिलं तर जास्तच. मालकांनी पॅकेजचा दर थोडा वाढवला आणि कुणी विचारलं नाही. उलट सीओटूच्या काळात फुकट दिलेल्या पुन्हा-खेळाच्या कूपनांचा हिशेब कुणी ठेवलाच नव्हता, तो ठेवला असता तर फरक किती उरला असता हे मला पाहायला आवडलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र साखळी तुटली. पुरवठादाराचं गोदाम बंद, मैदानावर तीन दिवस सलग गर्दी, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ताजा सिलिंडरही ९० बारवर. त्या दाबावर एका भरण्यात सत्तरएक गोळ्याच निघतात, म्हणून प्रत्येक पाहुण्याला मधेच दुसरी बाटली द्यावी लागली. आता मालक चौथा सिलिंडर घेणार आहेत, सुट्टीच्या हंगामापुरता. कॉम्प्रेसरचा विषय त्यांनी सोडलेला नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं आहे की महिन्याला पंधरा सिलिंडर लागायला लागले की फोन करा, तेव्हा आकडे पुन्हा मांडू. सध्या सहा-सात लागतात.